काचेवरचा कागद

शेतकी खात्याच्या जीपच्या काचेवरचा कंपनीचा कागद मी ब्लेडनं खरवडून काढला होता. हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. ज्या माणसाचं त्यामुळं नुकसान झालं त्याला तर नाहीच.

आता मी बीडमध्ये जुन्या गाड्यांच्या खरेदी-विक्रीत मध्यस्थ म्हणून काम करतो. आमचा साखर कारखाना बंद पडल्यावर काहीतरी करायचं होतं, आणि तिथल्या वाहन विभागात कारकून होतो म्हणून गाड्यांची कागदपत्रं तेवढी कळत होती. बायपासजवळ एक शेड आहे, पुढं मोकळी जागा. येणारी गिऱ्हाईकं टायर बघतात, एव्हरेज विचारतात, बॉनेट उघडून आपल्याला काही कळतंय असा चेहरा करतात. कागद म्हणजे आरसी आणि विमा, त्यापलीकडं आमच्याकडं कुणी जात नाही.

काही वर्षांपूर्वी पुण्याहून एक गृहस्थ जुनी जीप शोधत आले. माझ्याकडची एक त्यांनी बघितली, भोवती फिरले, खाली वाकले आणि विचारलं, "काचेवर कंपनीचा मूळ स्टिकर होता का हिच्या?"

मी हसलो. आपल्याकडं नवी गाडी घरी आली की सीटवरचं प्लॅस्टिक वर्षानुवर्षं ठेवतात, पण काचेवरचा कंपनीचा कागद पहिल्या दिवशी काढतात. त्या जागी देव लागतो, नाहीतर आईवडिलांची कृपा, नाहीतर पुढाऱ्याचा फोटो. मी तसं सांगितलं.

ते म्हणाले, "तोच तर घोळ आहे. रंग परत देता येतो, सीट परत शिवता येते. तो कागद परत आणता येत नाही. गाडी कुठली, कोणत्या इंजिनासकट निघाली, कुणासाठी निघाली, हे त्यावर असतं. तो असला की गाडीला स्वतःची ओळख असते. नसला की आपण म्हणू ते."

आपण म्हणू ते. त्यांनी ते सहज म्हटलं होतं. मी त्यांच्यासाठी चहा मागवला.

आमच्या सहकारी साखर कारखान्यानं एकाच वेळी दोन जीपगाड्या घेतल्या होत्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही सारख्या. एक चेअरमन साहेबांसाठी आणि दुसरी शेतकी खात्यासाठी. शेतकी खात्याची जीप म्हणजे उसाच्या नोंदी घ्यायला रानोमाळ हिंडणारी. तिच्यावर जो ड्रायव्हर होता त्याला सगळे मामा म्हणत. नेकनूरजवळच्या एका वस्तीवरचा माणूस. माझ्यापेक्षा बराच मोठा, तरी मला भाऊसाहेब म्हणायचा, कारण मी टेबलावर बसायचो.

दोन्ही गाड्या आल्या त्या दिवशी चेअरमन साहेबांच्या गाडीची पूजा झाली. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या मंडळींनी, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, नारळ फुटला, आत मखमली कव्हरं आणि पडदे बसले. मग आठवड्याभरानं मी बीडहून दोन्ही गाड्यांचं पासिंग करून आणलं. नंबर पाठोपाठचे मिळाले होते. मी खूश होऊन दोन्ही गाड्यांसह साहेबांच्या बंगल्यावर गेलो तर साहेबांनी पाटी बघितली, बोटांवर बेरीज केली आणि माझ्याकडं बघितलं.

"आठ येतोय की रे! शनी बसवलास माझ्या गाडीवर?"

शेतकी खात्याच्या गाडीची बेरीज नऊ येत होती. त्या वर्षी पाऊस आधीच ओढला होता, बिंदुसरा नदीचं पात्र कोरडं होतं, त्यामुळं शनी हा विषय सगळ्यांच्याच जवळचा होता.

मामा बाजूला उभे होते. म्हणाले, "मंग साहेब, तुमी ह्या जीपमधी बसा की. माझा शनीवर काय राग न्हाई."

"काकूंनी कुंकू लावलंय तिला," साहेब म्हणाले. "पुजलेली गाडी दुसऱ्याला देतात का?"

ते खरंच होतं. पुजलेली गाडी कुणी देत नाही. तेव्हा मी तोंड उघडलं. मी त्या वेळी नुकताच नोकरीला चिकटलो होतो आणि साहेबांच्या नजरेत भरायची घाई होती. म्हणालो, "साहेब, गाड्या कशाला बदलायच्या? पाट्याच बदलू."

साहेब हसले. माझ्या पाठीवर थाप मारली. पोरगं हुशार आहे, असं काकूंना म्हणाले.

पान्यानं पाट्या मीच उतरवल्या. मामांनी हात लावला नाही. फक्त एवढंच म्हणाले, "भाऊसाहेब, कागदावर काय ऱ्हाईल मग? ह्या जीपचा कागद तिच्यावर, तिचा हिच्यावर."

"दोन्ही गाड्या आपल्याच आहेत मामा. कागद कोण बघतंय?"

"कुणी बघितलं तर?"

"तर मी आहे ना."

हे वाक्य मी बोललो होतो. साक्षीला कुणी नाही, पण मला आठवतं.

साहेबांच्या गाडीवरचा कंपनीचा कागद पूजेआधीच निघाला होता. मामांनी मात्र त्यांच्या जीपवरचा निघू दिला नाही. काचेच्या डाव्या कोपऱ्यात, आतून, तळहाताएवढा. त्यावर चेसिस नंबर, इंजिन नंबर, रंग आणि खाली टाइप केलेलं आमच्या कारखान्याचं नाव. मामांनी त्यावर पारदर्शक टेप लावली. शेतकी अधिकाऱ्यांनी दोनदा सांगितलं, मामा, काढा तो कागद, दिसत नाही कडेचं. मामा म्हणायचे, "साहेब, आपल्या कपाळावर सटवाईनं काय लिहिलंय ते आपल्याला दिसत न्हाई. हिच्यावरचं दिसतंय. ऱ्हाऊ द्या." दसऱ्याला जीपला हार घातला की त्या कागदालाही एक हळदीचं बोट लागायचं. आम्ही चिडवायचो की मामा जीपची पत्रिका जुळवायला निघालेत, एखादा ट्रॅक्टर बघा तिच्यासाठी.

पुढं काही वर्षं बरी गेली. नंतर साहेब वारले. त्यांची जीप त्याआधीच मांजरसुंब्याच्या घाटात उलटली होती आणि कागदांसकट भंगारात गेली. आणि मग दुष्काळ आला, तो एका वर्षात उठला नाही. पहिल्या वर्षी हंगाम अर्धाच चालला. दुसऱ्या वर्षी उभा ऊस चारा छावण्यांना गेला आणि कारखान्याचं धुराडं थंडच राहिलं. वसाहतीतले नळ बंद झाले. शेतकी खात्याला मोजायला ऊसच नव्हता, म्हणून मामांची जीप टँकरच्या पुढं रस्ता दाखवायला जायची. परत येताना मामा पाण्याचा एक कॅन माझ्या खोलीच्या दारात ठेवायचे. माझी बायको तेव्हा दिवसांत होती. मी कधी मागितला नव्हता. त्यांनी कधी सांगितलं नाही. सकाळी दार उघडलं की कॅन असायचा.

मग कारखान्यावर प्रशासक आले. गोदामात, वर्कशॉपमध्ये बऱ्याच वस्तू सापडत नव्हत्या, आणि सगळ्यांना माहीत होतं की त्या कुणाच्या घरी आहेत. पण ज्यांच्या घरी होत्या त्यांना कोण विचारणार? तपासणी वाहनांपासून सुरू झाली. तपासणी अधिकारी एकेका गाडीचा चेसिस नंबर कागदाशी ताडून बघणार होते.

मला आदल्या दिवशी कळलं. मी नुकताच कायम झालो होतो. पाट्यांची अदलाबदल म्हणजे काय हे तोपर्यंत मला पुरतं कळलेलं होतं. खोटी नंबरपाटी लावणं हा गुन्हा आहे, आणि ती माझ्या हातानं लागली होती. खरेदीची फाईल बघायला गेलो तर रेकॉर्ड रूममध्ये वाळवीनं तिची माती केलेली. ते माझं काम नव्हतं, वाळवीचंच होतं. पण ती फाईल बघताना मला सुटल्यासारखं वाटलं, हे खरं. आता मामांची जीप मुळात कारखान्याचीच आहे हे सांगणारं काही उरलं नव्हतं, तो काचेवरचा कागद सोडून.

आता मागं वळून बघितलं तर कळतं की तो कागद ठेवला असता तरी मी अडकलोच असतो असं नाही. थोडा ओरडा बसला असता, कदाचित एखादी वेतनवाढ गेली असती. पण तेव्हा माझं डोकं एवढंच म्हणत होतं की कागद असेल तर प्रश्न उठेल, की कारखान्याची जीप असून पाटी दुसरी कशी, आणि मग पाटी कुणी लावली. कागद नसला तर नुसताच गोंधळ राहील, आणि आमच्याकडं गोंधळात कुणाचं काही होत नाही. मला खरंच असं वाटलं होतं. मामांवर येईल हे डोक्यात आलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. आलं होतं. मी ते बाजूला सारलं.

दुपारी मामा जेवायला गेले होते. जीप बाभळीखाली उभी होती. पेन्सिलीला टोक करायचं ब्लेड आणि रॉकेलची चिंधी घेऊन मी आत बसलो. टेप वाळली होती, कागदासकट तुकड्यातुकड्यानं निघाली. हळदीचा पिवळा डाग सगळ्यात शेवटी निघाला. काच पुसली, तरी तो कोपरा बाकीच्या काचेपेक्षा वेगळा दिसत राहिला, जास्त स्वच्छ.

तपासणीच्या दिवशी सकाळी दारात कॅन होताच.

अधिकाऱ्यांनी जीपखाली बॅटरी मारून नंबर वाचला, आरसीशी ताडला, पुन्हा वाचला. इंजिनाचाही जुळेना. ते मामांना म्हणाले, "ही गाडी कारखान्याची नाही. कारखान्याची गाडी कुठं घातली?"

मामा आधी हसलेच. "साहेब, हीच हाय की. पहिल्या दिवसापासनं मीच चालवतोय."

"मग नंबर?"

"त्येची गोष्ट हाय. चेअरमन साहेबांना आठ नको होता, म्हणून पाट्या बदलल्यात. भाऊसाहेबांना इचारा. आन् कंपनीचा कागद हाय ना काचेवर, कारखान्याचं नाव हाय त्याच्यावर. या, दाखवतो."

ते पुढं झाले, दार उघडलं आणि त्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. बोट तिथंच राहिलं.

"इथं होता," मामा म्हणाले.

"इथं काच आहे," अधिकारी म्हणाले. मागं उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी हसलं.

मग अधिकारी माझ्याकडं वळले. "पाट्या बदलल्या होत्या का?"

मी हात पाठीमागं धरले होते. दोनदा साबण लावूनही बोटांना रॉकेलचा वास येत होता. मी म्हणालो, "असं काही झालेलं नाही साहेब. माझ्या माहितीत तरी नाही."

मामांनी माझ्याकडं बघितलं. शिवी देतील असं वाटलं होतं. ते म्हणाले, "कावून असं, भाऊसाहेब?"

आरटीओत जाऊन जुन्या नोंदी बघायची तसदी कुणी घेतली नाही. कुणीतरी एक सापडणं गरजेचं होतं आणि तो सापडला होता. चांगली जीप परस्पर विकून त्या जागी कुठली तरी उचलून आणली, असं कागदावर आलं. मामांना कामावरून काढलं. पोलिसांपर्यंत गेलं नाही, कारण पोलीस आले असते तर त्यांनी बाकीच्या वस्तूंचंही विचारलं असतं.

दाराशी कॅन यायचा बंद झाला. मी टँकरच्या रांगेत उभा राहायला लागलो. बायको म्हणाली, मामा आजारी आहेत का? मी म्हणालो, असतील.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर नेकनूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत उभा होतो. ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांचा एक ट्रक चहाला थांबला होता. वर बोचकी, भांडी, शेळ्या, बायका, लेकरं. आणि बोचक्यांवर बसलेले मामा, डोक्याला टॉवेल. ज्या तोडकऱ्यांच्या टोळ्यांना शेताची वाट दाखवायला त्यांची जीप पुढं असायची, त्यातल्याच एका टोळीत ते आता कोयता घेऊन निघाले होते. त्यांनी मला बघितलं आणि वरूनच ओरडले, "भाऊसाहेब! येता का पश्चिम महाराष्ट्रात? जागा हाय!"

शेजारचा माणूस म्हणाला, "मामा, ट्रकचा नंबर बघून बसलाव का? न्हाईतर उतरताना दुसराच असायचा." सगळा ट्रक हसला. मामाही हसले. मी हात वर केला. ट्रक गेला.

हे सगळं त्या पुण्याच्या गिऱ्हाइकामुळं परत वर आलं. त्यांना मी दुसरी एक जीप मिळवून दिली, त्यानंतरही ते अधूनमधून फोन करायचे. त्यांच्याकडूनच कळलं की कंपन्या प्रत्येक गाडीच्या बांधणीची नोंद जपून ठेवतात. चेसिस नंबर कळवला आणि विनंती केली तर गाडी कशी बांधली, कोणतं इंजिन बसवलं, कुणाला पाठवली हे लिहून देतात. सगळ्याच देतात असं नाही, पण देतात. काचेवरचा कागद गेला तरी त्याची आई तिथं असते, असं ते म्हणाले.

मामांची जीप पुढं कारखान्याच्या लिलावात गेवराईकडच्या एकानं घेतली होती, एवढं मला माहीत होतं. शोधायला फार वेळ लागला नाही. गोदाकाठच्या एका आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, ती उभी होती, चाकं काढलेली, मागच्या भागात कोंबड्या. मालक म्हणाला, "ही घेता? लई जुनी हाय." मी म्हणालो, नुसती बघतो. खाली सरपटत जाऊन चेसिसवरची माती फडक्यानं काढली, नंबरावर पातळ कागद धरला आणि पेन्सिल आडवी घासून छाप घेतला, पासिंगला घेतात तसा. इंजिनाचाही घेतला. काच अजून तीच होती. डाव्या कोपऱ्यात काही दिसत नव्हतं, धूळ सगळीकडं सारखी होती.

कंपनीचं उत्तर यायला बरेच महिने लागले. मी तोपर्यंत आशा सोडली होती, किंवा सोडावी असं वाटत होतं. पत्र आलं. दोन्ही नंबर जुळत होते. रंग पांढरा. गाडी कुणाला पाठवली त्या रकान्यात आमच्या कारखान्याचं नाव होतं.

पत्र खिशात घालून मी मामांच्या वस्तीवर गेलो. ते अंगणात खाटेवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याचं राहिलेलं. सुनेनं पाणी आणलं. मामांनी आवाजावरून ओळखलं.

"भाऊसाहेब व्हय? या. कुणाची गाडी विकायला आलाव?"

इकडचं तिकडचं झालं. मग त्यांनीच विचारलं, "गेटवर जाता का झेंड्याला?"

कारखाना बंद असला तरी सव्वीस जानेवारीला जुने कामगार गेटवर जमतात, झेंडा लावतात, चहा पितात. मी म्हणालो, जातो.

"मी न्हाई जात. एकदा गेलतो. तर एकजण म्हणला, मामा, आमच्या मोटारसायकली हायत हितं, जरा नजर ठेवा, पर बदलू नका. आता तो मला चांगला ओळखतो. चेष्टाच केली त्यानं. पर त्याचा नातू होता शेजारी, त्यानं इचारलं, आजोबा, काय बदललं ह्यांनी? त्या लेकराला आता तेच ठाऊक हाय माझ्याबद्दल."

मी पत्र काढलं आणि वाचून दाखवलं. दोनदा वाचायला लावलं त्यांनी. कारखान्याचं नाव आलं तिथं मान हलवली. मग हात पुढं केला, पत्र घेतलं, चांगल्या डोळ्याजवळ धरलं. त्यांना इंग्रजी येत नाही. तरी बराच वेळ धरलं.

"तेच हाय," म्हणाले. "काचेवर होतं तेच." आणि पत्र माझ्याकडं परत दिलं.

"ठेवा ना मामा, तुमच्यासाठीच आणलंय."

"माझ्याकडं ठेवून काय करू? मी दाखवलं तर म्हणतील मामानं बीडला जाऊन छापून आणलं. तुमी वाचा गेटवर. तुमच्या तोंडून मानतील. आन् पाट्यांचं बी सांगा."

मी हो म्हणालो.

चहा आला. मामांनी बशीत ओतला, फुंकर घातली आणि बशीकडं बघतच म्हणाले, "भाऊसाहेब, तेवढं एक मला कळलं न्हाई कधी. टेप लावली होती मी त्याच्यावर. आपोआप निघायचा न्हाई तो. कुणी काढला असंल?"

मी चहा पीत होतो. पीत राहिलो. चहा संपला तरी कप तोंडाशी धरला. त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांना माहीत आहे की नाही हे मला सांगता येत नाही. निघताना म्हणाले, "झेंड्याला सांगा मंग, मी येतो. पोराला म्हणतो मोटारसायकलवर सोड."

त्यानंतर एक सव्वीस जानेवारी होऊन गेली. मी आदल्या दिवशी मामांना निरोप पाठवला की एक गाडी दाखवायला पुण्याला जावं लागतंय. गाडी खरंच होती, पण ती दुसऱ्या दिवशीही दाखवता आली असती. नंतर कळलं की मामा तरीही गेटवर गेले होते. नवा सदरा घालून, कडेला, झेंडा लागून चहा संपेपर्यंत उभे होते. कुणी विचारलं तर म्हणाले, भाऊसाहेब यायचे हायत.

पत्र माझ्या शेडमधल्या कपाटात आहे. हे लिहिलं म्हणून काही फिटत नाही. मामा हे वाचणार नाहीत, आणि गेटवर जमणारी माणसंही नाहीत.

पाट्या मी बदलल्या, काचेवरचा कागद मी काढला, तपासणीत मी खोटं बोललो आणि मामा खरं बोलत होते, हे मला गेटवर मामांच्या शेजारी उभं राहून सगळ्यांसमोर सांगायचं आहे. त्यांचं तेवढं देणं माझ्याकडं राहिलं आहे.